ओट्यावरचे बोलणे

पूर्वी हिरण्या नदीच्या काठी शालवती नगरात कोणीही राजा राज्य करीत नसताना बोधिसत्त्व तिथला नगरमुख्य होता. शालवतीच्या लोकांना राजा मिळत नव्हता असे नाही. त्यांना तो नकोच होता. सुगी आटोपली की सारे नगर चिंचेच्या बनात जमे, ज्याला जो माणूस हवा त्याच्या रंगाची काडी तो घड्यात टाकी, आणि ज्याच्या काड्या जास्त तो वर्षभर मुख्य होई. त्या जन्मी बोधिसत्त्व एका माळ्याच्या घरी जन्मला होता आणि त्याचे नाव क्षेमक होते. अंगाने गोल, पोटाने अधिक गोल, आणि हसू लागला की पागोटे कानावर घसरे. तरीही लोकांनी त्यालाच निवडले होते.

त्या नगराची एक चाल होती. घाटावर एक दगडी ओटा होता. त्यावर उभे राहून कोणीही मुख्याला वाटेल ते बोलावे, आणि कोणी बोलत असताना मुख्याने घाटाकडे फिरकू नये. मुख्य समोर दिसला तर गरिबाची जीभ अडखळेल, म्हणून जुन्या जाणत्यांनी तसे ठरवले होते. हेतू चांगला होता. पण ज्याच्याविषयी बोलायचे तो कधीच समोर नसे, आणि समोर नसलेल्या माणसाला ऐकणाऱ्यांच्या मनात शिंगे फुटायला कितीसा वेळ लागतो!

क्षेमकाकडून हरलेला चित्रक नावाचा व्यापारी रोज त्या ओट्यावर चढू लागला. त्याचा आवाज मोठा गोड होता. आधी तो कालव्यात साचलेल्या गाळाविषयी बोलला. गाळ खरेच साचला होता, पण लोक जांभया देऊ लागले. मग त्याने सांगितले, मुख्याने शेजारच्या राजाला आपले पाणी द्यायचे गुपचूप कबूल केले आहे. जांभया थांबल्या. मग तो हात उंचावून म्हणाला, "तुमची लेकरं तहानेनं तडफडतील! आणि हा माणूस जिवंत आहे तोवर ते पाणी परत यायचं नाही!" घाट टाळ्यांनी दणाणला. चित्रक घरी जाऊन पोटभर जेवला.

गर्दीत गोदत्त होता. भात कांडून पोट भरणारा, अंगाने थोराड आणि मनाने मऊ. त्याच्या घरी नुकतीच मुलगी झाली होती. घरी येऊन तो पाळण्याजवळ बसला आणि तिच्या इवल्याशा ओठांकडे पाहत राहिला. त्याला जेवण गेले नाही. सकाळी तो मुसळ घेऊन कालव्यावर गेला. क्षेमक तिथे गुडघाभर चिखलात उभा राहून गाळ उपसत होता. गोदत्ताने मागून मुसळ हाणले. पागोटे जाड होते म्हणून डोके वाचले, पण खांद्याचे हाड मोडले. गोदत्त पळाला नाही. लोकांनी त्याला धरले तेव्हा तो म्हणाला, "आता पाणी जाणार नाही ना?"

सभा भरली. निवडून दिलेल्या माणसावर जो हात उचलील त्याचा तो हात तोडावा, असा त्या नगराचा नियम होता. चित्रक पांढराफटक पडून म्हणाला, "मी कोणाला मार म्हटलेलं नाही. मी नुसता बोललो." हे खरेच होते. एक वृद्ध सभासद उठला. "गोदत्ताचा हात तोडा," तो म्हणाला, "तो ओटाही फोडून टाका, आणि क्षेमकाला जन्मभराचा मुख्य करा. म्हणजे पुन्हा कटकट नको." सभेने माना डोलावल्या. क्षेमकाने नुसते हो म्हटले असते तर ते नगर कायमचे त्याचे झाले असते.

क्षेमक हसला आणि कळवळला. "मला हसवू नका हो, खांदा दुखतो." मग तो चित्रकाकडे वळला. "चित्रका, तुझं भाषण फार रंगलं म्हणे. सगळ्या नगरानं ऐकलं, मी एकटाच राहिलो. एकदा माझ्यासमोर म्हण बघू. एक शब्दही गाळू नकोस. आणि गोदत्ताचं मुसळ त्याला परत द्या."

सभेत गलका झाला. क्षेमकाने तो शांत केला, आणि गोदत्ताला आपल्यापासून हातभर अंतरावर उभे केले.

चित्रक बोलू लागला. गाळाचा भाग सरला, आवाज नेहमीसारखा तापला. शेजारच्या राजाची गोष्ट सुरू झाली तशी गोदत्ताची मूठ मुसळावर आवळली. त्याचा श्वास चढला, डोळे भरून आले. तो चित्रकाकडे पाहतच नव्हता. तो क्षेमकाच्या डोक्याकडे पाहत होता. "तुमची लेकरं..." चित्रक म्हणाला, आणि थांबला.

"पुढं काय होतं?" क्षेमकाने हळूच विचारले.

"म्हणवत नाही."

"का रे? घाटावर तर म्हटलंस."

"घाटावर मला टाळ्या दिसत होत्या," चित्रक म्हणाला. "आज त्याचे हात दिसतायत."

मग तो जमिनीवरच बसला. "गोदत्ता, पाण्याचं सगळं खोटं आहे. लोक ऐकेनात म्हणून मी ते रचलं. तुझ्या पोरीचं पाणी कोणी नेत नाही. मुसळ तू मारलंस, पण तुला तिथवर मी नेलं. हात तोडायचा तर दोघांचा तोडा."

गोदत्ताच्या हातून मुसळ सुटले आणि त्याच्याच पायावर पडले. त्याला ते कळलेही नाही. "मग मी कुणाला मारलं?" एवढेच तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला. क्षेमकाने धड हाताने त्याला जवळ ओढले.

"हात तोडले तर पाळणा कोण हलवील?" क्षेमक सभेला म्हणाला. "दोष दोघांचाही आहे, तो दोघांनी आपापल्या अंगावर घ्यावा. माझा खांदा जुळेपर्यंत गोदत्त गाळ काढील. चित्रक दारोदार जाऊन आपण खोटं बोललो हे सांगेल, आणि त्याच गोड आवाजात सांगेल! ओटा मात्र फोडायचा नाही. तो नसला तर माझं चुकलं हे मला कोण सांगणार? आणि जन्मभर मुख्य राहिलो तर माझी पोरंबाळंच मला कंटाळतील. फक्त जुनी चाल बदलू. ज्याच्याविषयी बोलायचं तो समोर बसेल. मधे तोंड उघडणार नाही, पण बसेल."

पुढे त्या घाटाला जत्रेची कळा आली. क्षेमक लाह्यांची परडी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसे आणि चित्रक त्याला यथेच्छ झोडपी. बाजारातली मापे तपासली जात नाहीत, मुख्य सभेत घोरतो, सगळे खरे होते आणि सगळ्यांत मोठ्याने क्षेमकच हसे. मापे तपासली गेली. घोरणे काही थांबले नाही. पुढच्या सुगीला चित्रकाच्या काड्या जास्त भरल्या, तेव्हा क्षेमक गोदत्ताच्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचला, आणि सारे शालवती त्याच्याबरोबर नाचले.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा चित्रक म्हणजे आज गोड गाथा रचणारा आपला वंगीस. मुसळ उचलणारा गोदत्त म्हणजे शस्त्र टाकून आपल्यात आलेला अंगुलिमाल. ती सभा म्हणजे तुम्ही, आणि क्षेमक मी होतो." हे ऐकून मागे एकट्याच बसलेल्या अंगुलिमालाने मान खाली घातली. वंगीस उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्यांच्याकडे पाहत शास्त्यांनी या कथेच्या गुणाचे नाव सांगितले: क्षमा, जिच्यासमोर माणसाला खरे बोलण्याचे बळ येते.