सासुरवाडची पेज

चादर विकत घेताना ती उजेडासमोर धरून वीण बघावी, एवढं तर कुणालाही कळतं. पण संस्थानचे दिवाण आबाजीपंत यांनी फक्त विकणारा बघितला, कारण तो त्यांचा मेहुणा होता. सरकारी दवाखान्यासाठी त्यांनी त्याच्याकडून चादरींचे गठ्ठे उचलले. हाताला कशा कडक, करकरीत. पहिल्या धुण्यात तो कडकपणा पाण्याबरोबर गेला आणि चादरीची जाळी झाली. काथ्याच्या बाजांनी बाळंतिणींच्या पाठी सोलून निघाल्या.

दवाखान्याच्या वैद्य अंबूताई संतापून थेट दरबारात गेल्या. "महाराज, या चादरींत सूत नावाला आहे, बाकी नुसती खळ."

"खळीचा कणसुद्धा नाही," दिवाण हसून म्हणाले. "बाई, तुम्ही आपले काढे उकळा."

अंबूताईंनी त्याच गठ्ठ्यातली कोरी चादर आणि घंगाळभर पाणी मागवलं. सगळ्यांदेखत चादर पाण्यात चोळून पिळली. पाणी पांढरंफटक झालं. त्यांनी ते वाटीत ओतलं, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि वाटी दिवाणांपुढे धरली.

"हे काय?"

"खळ नाही म्हणता, म्हणजे पेजच असणार. घ्या."

दिवाणांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "घ्या की."

दिवाणांचा हात पुढे होईना.

"आता लाजता कशाला, दिवाणजी?" अंबूताई म्हणाल्या. "माझ्या बाळंतिणींच्या पाठी सोलताना लाजला नाहीत. प्या. तुमच्या सासुरवाडचीच आहे."