चाखणीदाराची कल्हई

फार फार वर्षांपूर्वी एक नगर होतं. नगराला एक राजा होता, राजाला एक चाखणीदार होता आणि चाखणीदाराला बायको नि दोन लहान लेकी होत्या. चाखणीदाराचं नाव हैबती आणि बायकोचं नाव साळू. राजाला विषाची भीती होती, हैबतीला राजाची भीती होती आणि साळूला दोन्हींची होती.

आता चाखणीदार म्हणजे कोण, ते ऐका. राजाचं ताट वाढून आलं की त्यातला प्रत्येक पदार्थ आधी हैबतीनं खायचा. मग अर्धी घटका सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. तो जिवंत राहिला, म्हणजे राजानं जेवायचं. हैबतीच्या बापानं हेच केलं, आजानंही हेच केलं. त्याबद्दल राजवाड्याच्या मागं राहायला घर होतं आणि वर्षाचं धान्य होतं. नगरातले लोक म्हणायचे, नशीब बघा, राजाच्या आधी जेवतो.

साळूला मात्र रोज दुपारी घास गिळवायचा नाही. दाराशी हैबतीच्या वहाणा वाजल्या की मगच ती चूल विझवायची.

राजवाड्यात आणखी एक नियम होता. आचाऱ्यानं राजाचं अन्न जिभेवर ठेवायचं नाही, नाहीतर ते उष्टं होतं. सदूकाका आचारी चाळीस वर्षं राजासाठी रांधत होता, पण आपल्या हातची कढी कशी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळा भरवसा काय तो हैबतीच्या जिभेवर.

आणि एका हिवाळ्यात ती जीभच गेली.

हैबतीला नऊ दिवस ताप आला. दहाव्या दिवशी ताप उतरला, साळूनं भाताची पेज दिली. हैबतीनं ती प्यायली आणि मीठ मागितलं. मीठ खाल्लं, चिंच चघळली, मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडात सगळी राख.

"कुणाला सांगितलंत का?" साळूनं विचारलं.

"तुलाच."

"मग आता कुणाला सांगू नका. पण अहो, हे लपून लपून किती दिवस लपणार? जीभ गेली तर गेली, हात आहेत ना. त्यांना कल्हईसारखं काहीतरी शिकवून ठेवा."

"आम्ही तीन पिढ्यांचे चाखणीदार. मी काय आता भट्टीपुढं बसू?"

"भट्टीपुढं बसलेला माणूस संध्याकाळी घरी येतो," साळू म्हणाली आणि पेजेचं भांडं उचलून आत गेली.

नगराच्या वेशीबाहेर चिंचेखाली चांदभाई कल्हईवाला बसायचा. पूर्वी राजवाड्यातल्या तांब्या-पितळेच्या सगळ्या भांड्यांना तोच कल्हई करायचा. पण वर्षामागं राजानं त्याला भांड्यांवर पांढरी भुकटी टाकताना पाहिलं आणि विषाच्या भीतीनं हुकूम काढला, की बाहेरचा कुणीही मुदपाकखान्यात पाऊल टाकणार नाही. तो नवसागर होता, कल्हईला लागतो, हे सांगायची छाती कुणाला झाली नाही. चांदभाई निमूट वेशीबाहेर गेला. आता त्याचे गुडघे दुखत होते आणि त्याला हाताशी माणूस हवाच होता.

दोन जेवणांच्या मधल्या वेळात हैबती तोंडाला फडकं गुंडाळून तिथं जाऊ लागला.

"या सरकारी जीभ," चांदभाई म्हणायचा. "आज राजा काय जेवला? आणि हे पाय बघा, लोण्याचे आहेत जणू. उतरा त्या हंड्यात."

हंड्यात वाळू नि चिंधी टाकायची आणि आत उभं राहून कमरेतून गोल फिरायचं, तेव्हा भांडं घासून लख्ख होतं. पहिल्या दिवशी हैबती दोनदा पडला. मग भाता, मग कोळसे, मग भांडं तापवायचं. त्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवली की ती पाण्यासारखी पळते आणि कापसाच्या बोळ्यानं ती भांडंभर फिरवायची.

"हे का करायचं, ठाऊक आहे?" चांदभाईनं एकदा विचारलं. "नाहीतर आंबट कळकतं. कल्हई उडालेल्या तांब्यात कढी ठेव, कडेला हिरवं धरतं. आधी चव बिघडते, मग पोट, मग माणूस."

हैबती शिकत होता, पण भीती त्याची पाठ सोडत नव्हती. एके दिवशी राजाच्या जेवणाच्या वेळी मुदपाकखान्याच्या कारभाऱ्यानं त्याचा हात धरला.

"नखं काळी कशी रे तुझी?"

"चूल सारवली सकाळी. बायको आजारी आहे."

कारभाऱ्यानं हात सोडला. त्या रात्री घरी येऊन तो लेकींकडे बघत बसला. राजासमोर रोज मान हलवायची, "उत्तम आहे" म्हणायचं आणि काय खाल्लं ते आपल्यालाच माहीत नाही. आता प्रत्येक घासात त्याला दोन भीती होत्या. घासात विष असेल ही एक, आणि ते आपल्याला कळणार नाही ही दुसरी.

असे सहा महिने गेले.

मग एका दुपारी ताटात कढी आली. हैबतीनं पळीभर प्यायली, मान हलवली. अर्धी घटका गेली. राजानं एक वाटी एका दमात प्यायली, दुसरी अर्धी झाली आणि त्यानं तोंड वाकडं करून वाटी फेकली. पाठोपाठ ओकाऱ्या सुरू झाल्या. राजवाडाभर धावपळ उडाली. वैद्य आला, चाटण दिलं, राजा वाचला. पण सावध होताच तो म्हणाला, "विष."

दरबार भरला. राजाचा हिशेब सरळ होता. चाखणीदारानं कढी प्यायली आणि तो ठणठणीत आहे, म्हणजे त्यानं चाखली तेव्हा कढी चांगली होती. विष त्यानंतर पडलं. आणि त्यानंतर कढीला हात लागला होता फक्त आचाऱ्याचा. सदूकाकाला दोरांनी बांधून आणलं. कढीचं भांडंही पुरावा म्हणून आणून ठेवलं. शिक्षा ठरली, दिवस मावळायच्या आत हत्तीच्या पायाखाली.

हैबती खांबाशी उभा होता. त्याची नजर भांड्याच्या कडेकडे गेली. आतली कल्हई पार उडाली होती. तांबडं तांबं उघडं पडलं होतं आणि कडेनं हिरवी रेघ होती.

कढी कळकली होती. विष कुणी घातलंच नव्हतं. पळीभर प्यायलेल्याला ती बाधली नाही, दीड वाटी प्यायलेल्याला बाधली.

पण हे बोललं, तर राजा पहिला प्रश्न काय विचारणार, हे हैबतीला ठाऊक होतं. मग तुझ्या जिभेला कसं कळलं नाही? गप्प राहिलं तर तो आज घरी जाणार होता. साळू दाराशी असेल. लेकी पायाला मिठी मारतील.

तेवढ्यात सदूकाकानं मान वर केली.

"हैबती, तू चाखलीस ना रे? मला तर चव ठाऊक नाही बाबा. तू सांग ना यांना, चांगली झाली होती ना?"

  चांगली होती की वाईट, हैबतीला काय माहीत?

"मला ठाऊक नाही, काका," तो शेवटी म्हणाला. मग राजाकडे वळला आणि गुडघ्यांवर बसला. "महाराज, माझी जीभ गेली आहे. सहा महिने झाले. मी लपवलं, अपराध माझा. पण हा म्हातारा निर्दोष आहे. भांड्याला कल्हई नाही, कढी कळकली. दीड वर्ष राजवाड्यात कल्हईवाला आलेला नाही."

राजाचा चेहरा काळवंडला. "जीभ नाही, आणि वर आमच्या भांड्यांची पारख करतोस? भांड्यांतलं तुला काय कळतं?"

"कल्हई करता येते मला."

कुणीतरी हसलं. राजा हसला नाही. "उद्या सकाळी इथंच करून दाखव. खोटा ठरलास, तर तुम्ही दोघंही जाल."

दुसऱ्या दिवशी चौकात खड्डा खणला, कोळसे पेटवले. न बोलावता साळू आली. चांदभाईचा भाता तिच्या खांद्यावर होता. लेकींना शेजारी ठेवून आली होती. ती भात्याशी बसली.

हैबतीनं भांडं घासलं, विस्तवावर धरलं, नवसागर टाकला. कथील टेकवलं. ते पळेना, गुठळ्या धरू लागलं.  भोवती भालेकरी उभे, पलीकडे हत्ती झुलत होता.

"घाई करू नका," साळू हळूच म्हणाली. "भांडं अजून तापलं नाही."

तिनं भाता मारला. हैबतीनं डोळे मिटले, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा नवसागर टाकला. पांढरा धूर भसकन उठला. कांडी टेकवताच कथील पाऱ्यासारखं पळालं. त्यानं बोळा फिरवला आणि भांडं पाण्यात बुडवलं. चर्र झालं. वर काढलं तर आतून चंद्रासारखं पांढरं.

मग सदूकाकानं एकाच ताकाची कढी दोन भांड्यांत केली. एक कल्हईचं, दुसरं तसंच, कल्हई उडालेलं. दोन्ही दिवस कलेपर्यंत चौकात पहाऱ्यात राहिली. झाकणं काढली तेव्हा एकाची कड हिरवी पडली होती. राजानं त्यातला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि थुंकला.

"हीच ती चव," तो म्हणाला.

कल्हईच्या भांड्याकडे हैबतीनं हात नेला, तर राजानं अडवलं. "तू नको. तुला काय कळणार? ज्यानं रांधली तो पिऊ दे."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा सदूकाकानं आपल्या हातची कढी तोंडाला लावली. अख्खा चौक त्याच्याकडे बघत होता. त्यानं वाटी संपवली, मिशी पुसली, जरा विचार केला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

राजाला हसू आलं. त्यानं दोघांचाही जीव सोडला. पण लपवाछपवीची शिक्षा चुकली नाही. हैबतीची चाखणीदारी त्याच दिवशी गेली, राजवाड्यामागचं घर गेलं, वर्षाचं धान्य गेलं. दुसऱ्या सकाळी साळूनं दोन गाठोडी बांधली, लेकींना हाताशी धरलं आणि चौघं चालत वेशीबाहेर आली.

पण उपाशी राहायची पाळी आली नाही. राजानं जुना हुकूम मोडला आणि राजवाड्यातली तीनशे भांडी चिंचेखाली आली. मागोमाग देवळाचे हंडे आले, लग्नघरांची पातेली आली, आसपासच्या गावांच्या घागरी आल्या. चांदभाई बसून नुसता टोमणे मारायचा आणि हैबती काम करायचा. दोन वर्षांत त्यांनी स्वतःचं घर बांधलं, ते कुणी काढून घेणार नव्हतं. साळू सगळ्यांच्या आधी पोटभर जेवू लागली. पुढं तिसरी लेक झाली, तिच्या बारशाला तर राजवाड्यातून पाळणा आला.

तेव्हा बाळांनो, दुसऱ्याच्या मर्जीवर पोट चालत असेल तेव्हाच हाताला एक कसब शिकवून ठेवावं, कारण मर्जी जाते, कसब राहतं.