गिरजाबाईचे पाय

नर्मदामैयाच्या दक्षिण तीरावर सेमलखेडी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे विश्राम महाराजांची झोपडी होती. महाराजांनी तीन वेळा मैयाची परिक्रमा केली आणि मग ते या गावीच राहिले. वाटेने येणाऱ्या परिक्रमावासीयांचे पाय धुवायचे, त्यांना तेल चोळायचे, एवढीच त्यांची पूजा.

भक्तहो, एका कार्तिकात तेथे अकरा जणांचा जथा आला. ओंकारेश्वराहून निघून त्यांना सहाच दिवस झाले होते. सर्वांत मागे, काठीवर भार टाकत येत होती खानदेशातली गिरजाबाई परटीण. अनवाणी चालून तिच्या तळव्यांची साले निघाली होती. दोघांनी मिळून परिक्रमा उचलायची, असे तिचे आणि तिचा नवरा आनंदा याचे ठरलेले होते. पण भाद्रपदात आनंदा तापाने गेला. शेवटचे दोन दिवस तो मैयाचेच नाव घेत होता आणि गिरजाबाई उशाशी बसून मैयाला आळवत होती. तो वाचला नाही. नवऱ्याचा शब्द म्हणून ती एकटी निघाली खरी, पण ‘नर्मदे हर’ म्हणताना तिचे ओठच काय ते हलत.

जथ्याचे पुढारी विद्याधरशास्त्री. विद्वान आणि नेमाचे पक्के, पण अहंकार फार. गिरजाबाईमुळे रोज खोळंबा होई. चौघांदेखत ते तिला म्हणाले होते, की परिक्रमा म्हणजे घाटावरची धुणी नव्हेत, रडत चालणाऱ्यांनी घरी बसावे. शास्त्रीबुवांचे खरेच असेल, असे तिला वाटू लागले होते.

महाराजांनी तिचे पाय परातीत घेतले, तेव्हा शास्त्रीबुवांना राहवले नाही. साधुपुरुषाने परटिणीचे पाय धरावेत हे शोभत नाही, असे ते बोलून गेले. महाराज पाय धूत राहिले.

गिरजाबाईला मात्र भरून आले. ती हळूच म्हणाली, “महाराज, माझे पाय नका धुऊ. माझ्या मनात भाव उरला नाही. मैयानं आमच्या मालकांना का नेलं, एवढंच विचारत मी चालले आहे.”

“मग तेच विचारत चाल, पोरी,” महाराज म्हणाले. “उद्यापासून तुझे पाय माझ्याकडे. दुःख मात्र तुझं तुलाच न्यावं लागेल. ते मला उचलता येणार नाही.”

म्हाताऱ्या माणसाचे मायेचे बोलणे, एवढेच तिला वाटले.

सकाळी शास्त्रीबुवांना हुडहुडी भरून ताप चढला. त्यांना झोपडीत ठेवून जथा निघाला. आणि काय नवल! गिरजाबाईच्या पायांना वेदनाच नव्हती. खडकाळ चढ आले, तापलेले गोटे आले, तरी ती सर्वांच्या बरोबरीने चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा पाय बाभळीच्या वाळलेल्या काटेरी फांदीवर पडला. सोबतच्या बाया धावल्या. पाहतात तो तळव्यावर ओरखडाही नाही. आनंदा असता तर, एवढेच तिच्या मनात आले. पाय हलके झाले होते, मन तसेच जड होते.

एकादशीसाठी जथा एका घाटावर थांबला असताना शास्त्रीबुवा येऊन पोहोचले. चेहरा ओढलेला, आवाज बसलेला. ते सरळ गिरजाबाईसमोर जाऊन बसले आणि खाली पाहत सांगू लागले. महाराज झोपडीबाहेर पडले नव्हते, तरी त्यांचे तळवे दिवसेंदिवस फुटत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बसल्या जागी त्यांच्या टाचेत बाभळीचे काटे रुतले. शास्त्रीबुवांनी आपल्या हाताने ते उपसले. हे काय, म्हणून विचारले, तर महाराज म्हणाले, गिरजा काट्याकुट्यातून चालली असेल.

धावत मागे जावे आणि आपले दुखणे परत मागून घ्यावे, असे गिरजाबाईला झाले. पण परिक्रमेत पाऊल मागे घेता येत नाही. समुद्र अजून कितीतरी लांब होता आणि पलीकडचा सगळा तीर बाकी होता. आता टाकलेले प्रत्येक पाऊल त्या म्हाताऱ्या देहावर पडणार होते. आनंदा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मैयाने तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, पण त्या रडण्यात तिच्या तोंडून मैयाचे नाव आपोआप येऊ लागले.

शास्त्रीबुवा पुढे वाकले. गिरजाबाईने घाबरून पाय मागे ओढले.

“नका, शास्त्रीबुवा. हे पाय माझे नाहीत.”

“ठाऊक आहे, माई,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी त्या पायांवर डोके ठेवले.