निळारणीचा कोरा कोपरा

दक्षिण चीनमध्ये डोंगराच्या कुशीत निळाऱ्यांचे, म्हणजे निळीने कापड रंगवणाऱ्यांचे, एक खेडे आहे. गावात विहीर एकच. अंगणाअंगणातून बांबूंवर निळी कापडे वाळत असतात, आणि रजई असो की हातरुमाल, प्रत्येकाचा एक कोपरा पांढराच सोडलेला असतो.

शनिवार-रविवारची सुट्टी साधून नवरा आणि लेकीबरोबर शांघायहून आलेल्या मृदुलाला हे आधी कुणी सांगितले असते, तर पुढचा घोटाळा टळला असता. तिच्या लेकीने, रेवतीने, मोठ्या उत्साहाने रुमाल चारही कोपऱ्यांसकट रंगाच्या पिंपात बुडवला. आजूबाजूच्या बायका हातातली कामे टाकून बघू लागल्या. मृदुला ओशाळली. पिंपाची मालकीण शेन आजी मात्र बोळके पसरून हसली. "काय गं पोरी, सगळं पाणी एकटीनेच संपवलंस?"

मृदुलाला चिनी शब्द कळले, अर्थ कळेना. तेव्हा आजीने स्टूल पुढे ओढले आणि गोष्ट सुरू केली. मृदुला ती नवऱ्याला आणि लेकीला मराठीत सांगत गेली.

फार वर्षांपूर्वी म्हणे गावाला विहीर नव्हती, ओढा होता. एका उन्हाळ्यात तो आटला. नेमके त्याच वेळी च्युलान नावाच्या निळारणीच्या लेकीचे लग्न तोंडावर आलेले. आईने स्वतः रंगवलेली रजई नसेल, तर वरात नवरीला न घेता दारातूनच परत फिरे, अशी तिथली रीत. पिंपातला रंग उन्हाने खाली गेला होता. तो वर आणायला च्युलानने एक घागर पाणी जिवापाड जपले होते. स्वतः घोट घेतला नाही, लेकीलाही दिला नाही.

रजई बुडवायच्या दिवशी दारात एक परकी बाई येऊन उभी राहिली. कडेवर तापाने फणफणलेले मूल. तिला धड बोलवतही नव्हते. च्युलानने घागरीकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले.

"आई, दे," लेक म्हणाली.

मूल पाणी प्यायले आणि त्याने डोळे उघडले. इकडे उरलेल्या रंगात रजई पुरती बुडेना. एक कोपरा वरच राहिला, कोरा. मायलेकींनी ती डोळे पुसत तशीच वाळत घातली.

सकाळी वरात आली. असे सांगतात की, सारी रजई ठणठणीत कोरडी होती आणि त्या पांढऱ्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होते. खालची माती ओली झालेली. वऱ्हाड्यांनीच तिथे खणले, तर झरा लागला. सासूने तो कोपरा कपाळाला लावला आणि सुनेचा हात धरून तिला घरी नेले.

"तीच ही विहीर," आजी म्हणाली. "तेवढा कोपरा दाराशी येणाऱ्याचा. तो आपण रंगवायचा नाही."

मृदुलाला या देशातला आपला पहिला दिवस आठवला. घरात गॅस नव्हता, कडेवर तान्ही रेवती रडत होती, भाषेचा गंध नव्हता. समोरच्या घरातल्या वांग काकू गरम पाण्याचा थर्मास दाराशी ठेवून गेल्या होत्या. भाषा आली तेव्हा ती गोष्ट जुनी झाली होती, आणि आभार मानायचे राहूनच गेले होते. तिचे डोळे भरून आले. तिने आजीकडे आणखी एक रुमाल मागितला आणि कोपरा चिमटीत घट्ट धरून बाकीचा बुडवला.

आजही त्या गावात प्रत्येक कापडाचा एक कोपरा कोरा सोडतात. आणि शांघायच्या एका इमारतीत वांग काकूंच्या थर्मासाखाली एक निळा रुमाल अंथरलेला असतो, पांढरा कोपरा दाराकडे करून.