राखेची रांगोळी

फार जुन्या काळी एका सरदारानं एक गाव जाळलं, माणूस म्हणून ठेवला नाही. परतताना पाहतो तो जळक्या गावात दारोदारी ताजी रांगोळी! घोडा जागीच अडला नि बोलला,

"रांगोळीवर पाय कसा देऊ, धनी? घरात कुणीतरी आहे."

"कुणी नाही. मीच मारलेत सगळे."

तेव्हा खालून मुंग्या बोलल्या, "इथल्या बाया तांदळाच्या पिठानं रांगोळी काढायच्या. ती खाता खाता आम्हाला रेषा पाठ झाल्या. आता पीठ नाही, पण राख पुष्कळ आहे."

सरदारानं उतरून रांगोळी जोड्यानं फिसकटली आणि तडक घर गाठलं.

दारात बायकोनं पांढरीशुभ्र रांगोळी काढली होती. अंगणातल्या मुंग्या त्या रांगोळीकडे फिरकल्याच नाहीत. सरदाराच्या जोड्यांवरची राख कणाकणानं उतरवून त्या शेजारी दुसरी रांगोळी काढू लागल्या.

बायकोनं विचारलं, "अहो, ही कुणाच्या दारातली?"