टिंगीचा दाणा आणि उतरंड

एक होती उंदरीण. एवढीशी! नाव तिचं टिंगी.

टिंगीला मिळाला शेंगदाणा. टपोरा, लालेलाल! तिने तो रिकाम्या रांजणात लपवला आणि झोपली. शहाणीच ती!

सकाळी बघते तर काय! घरातल्या काकूने उतरंड रचलेली. रांजणावर माठ, माठावर मडकं!

"अगं बाई गं! माझा दाणा!"

टिंगीच्या पोटात कावळे, आणि दाणा रांजणात.

टुणुक टुणुक गेली रांजणाकडे.

"रांजणदादा, रांजणदादा, दाणा दे ना!"

"माझ्या तोंडावर माठ. आधी माठ उतरव."

टुणुक टुणुक चढली माठाकडे.

"माठदादा, माठदादा, उतर ना!"

"कुणी गं धाडलं तुला?"

"मला धाडलं रांजणाने."

"माझ्या तोंडावर मडकं. आधी मडकं उतरव."

"अगं बाई गं!"

टुणुक टुणुक चढली मडक्याकडे.

"मडकेताई, मडकेताई, उतर ना!"

"कुणी गं धाडलं तुला?"

"मला धाडलं माठाने, माठाकडे रांजणाने."

"माझ्यात बसलीय कोंबडी. आधी कोंबडी उठव."

"अगं बाई गं!"

टुणुक टुणुक गेली कोंबडीकडे.

"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी, ऊठ ना!"

"कुणी गं धाडलं तुला?"

"मला धाडलं मडक्याने, मडक्याकडे माठाने, माठाकडे रांजणाने."

"पक् पक् पकाक! माझ्याखाली अंडं. ते फुटल्याशिवाय मी नाही उठायची."

"अगं बाई गं!"

टिंगी शिरली कोंबडीच्या पंखाखाली.

"अंडोबा, अंडोबा, फूट ना!"

आतून आवाज आला, "कुणी गं धाडलं तुला?"

बाप रे! अंडं बोललं! टिंगी अशी दचकली, अशी दचकली की बोलताना गडबडलीच.

"मला धाडलं कोंबडीने, कोंबडीकडे माठाने..."

"चूक! मडकं कुठे गेलं? मी तर मडक्यातच आहे!"

टिंगीने डोळे मिटले. मोठ्ठा श्वास घेतला.

"मला धाडलं कोंबडीने, कोंबडीकडे मडक्याने, मडक्याकडे माठाने, माठाकडे रांजणाने!"

टक्! टक्! फट्!

अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं. त्याने टिंगीकडे पाहिलं आणि म्हणालं,

"आई!"

टिंगी गारच पडली! कोंबडी ताडकन उठली. मडकं उतरलं, टुण्! माठ उतरला, धप्प! रांजणाचं तोंड उघडलं, आऽऽऽ!

टिंगीने आत उडी मारली. दाणा घेऊन वर आली. आता खाणार, तोच...

"आई, खाऊ!"

"अगं बाई गं! मी नव्हे रे तुझी आई! ती बघ, ती!"

"बरं. मग खाऊ?"

टिंगीने दाण्याकडे पाहिलं. पिल्लाकडे पाहिलं. तिला फार फार भूक लागली होती.

कट्! दाण्याचे झाले दोन तुकडे. एक टिंगीच्या तोंडात, एक पिल्लाच्या चोचीत. कुरुम कुरुम!

उतरंड आली खाली, गोष्ट पोटात गेली!