गप्प बसलेला वर्ग

विस्तार अधिकारी ढमढेरे साहेबांना शांत वर्ग फार प्रिय. शनिवारी सकाळी ते प्राथमिक शाळेच्या तपासणीला आले, तर तिसरीच्या वर्गात नुसता कालवा! करवंट्यांच्या तराजूभोवती मुलं भांडत होती, मूठभर चिंचोके जड की मूठभर शेंगा?

साहेब भडकले. "शेलारबाई, याला शिकवणं म्हणतात? मुलं गप्प बसली तरच डोक्यात काही शिरतं. हा वर्ग तुमच्याकडून काढून घ्यायला लावतो."

मुख्याध्यापक गुरवसर मान खाली घालून उभे राहिले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मागच्या शिक्षण परिषदेत तुम्ही दुपारभर बोललात. आम्ही सगळे शिक्षक अगदी गप्प बसून ऐकत होतो. काय सांगितलंत, ते आमच्या सरांना विचारा ना."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर आढ्याकडे बघू लागले.

"आता मुलांना विचारा."

साहेबांनी विचारलं, "काय रे, जड काय?"

"आधी मूठ कुणाची ते ठरवा, साहेब!" एक मुलगी ओरडली. "सगळ्यांची सारखी नसते!"

साहेब तराजूपाशी बराच वेळ बसले. निघताना हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू? त्या दिवशी काय बोललो, ते मलाही आठवत नाही."